लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना: इन्स्टाचं पेज नको, एक अख्खं लग्न दाखव म्हणा

हॉल बुक झाला, गुरुजींनी मुहूर्त काढून दिला, की घरातली तरुण मंडळी इन्स्टावर फोटोग्राफर शोधायला बसतात आणि मोठी मंडळी म्हणतात, "अरे आपला नेहमीचा आहे ना, त्यालाच सांगू." दोन्हीत थोडी गडबड आहे. इन्स्टावर दिसतात ते वर्षभरातल्या सगळ्या लग्नांतून वेचलेले फोटो, आणि तो नेहमीचा म्हणजे बारशाला, मुंजीला आलेला, चांगला असेलही, पण लग्नात त्याने काय काम केलंय ते कोणी बघितलेलं नसतं. माझं म्हणणं असं की खरा प्रश्न एकच आहे: आपल्या हॉलमध्ये, आपल्या मुहूर्ताला, अंतरपाट बाजूला होतो त्या क्षणी कॅमेरा नक्की कोणाच्या हातात असणार, आणि त्या माणसाने अशाच हॉलमध्ये आधी काय काढलंय. ड्रोन, टीझर, अल्बमचं वेल्व्हेट कव्हर वगैरे सगळं त्याच्यानंतर.

शोधायला कधी लागायचं

हॉल पक्का झाल्या झाल्या. आपल्याकडे चातुर्मासात लग्नं जवळपास बंद, मग तुळशीचं लग्न झालं की एकदम झुंबड, पौषात थोडी कमी, आणि पुन्हा मे-जूनपर्यंत दणका. मुहूर्ताच्या तारखा मोजक्या आणि त्यातही रविवारी आलेली तारीख सगळ्यांनाच हवी, त्यामुळे एकाच दिवशी दादरच्या एका हॉलमध्ये खाली एक लग्न आणि वर दुसरं असं चाललेलं असतं. अशा तारखेला चांगले फोटोग्राफर आधीच जातात आणि मोठे स्टुडिओ एकाच दिवशी तीन-चार कामं घेतात. घेऊ देत, तो त्यांचा धंदा आहे, पण मग तुमच्याकडे येतो तो बाहेरून बोलावलेला फ्रीलान्सर आणि तुम्ही ज्याचे फोटो बघून भाळलात तो त्या दिवशी दुसऱ्याच कोणाच्या लग्नात.

म्हणून पहिल्याच फोनवर विचारायचं, "दादा, आमच्या तारखेला तुम्ही स्वतः येणार का? नसाल तर जो येणार त्याचंच काम दाखवा." उत्तर गोलगोल आलं, "आमची सगळी टीम एकाच लेव्हलची आहे" असं काही, तर तिथे थोडं थांबा. टीम खरंच एका लेव्हलची असेल तर त्यातल्या एकाचं नाव आणि काम दाखवायला काय हरकत आहे?

घरात आधी काय ठरवायचं

कार्यक्रमांची यादी करा. साखरपुडा वेगळा आहे का, मेंदी घरी का हॉलवर, हळद कुठे, सीमांतपूजन आदल्या रात्री का सकाळीच, रिसेप्शन त्याच दिवशी संध्याकाळी का दुसऱ्या दिवशी, नंतरचा सत्यनारायण किंवा जागरण-गोंधळ शूट करायचाय का. प्रत्येकापुढे अंदाजे वेळ लिहा. हे न करता फोन केला की समोरचा "टू डे पॅकेज" सांगतो आणि तुम्हाला वाटतं सगळं आलं, मग लग्नाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता कळतं की बारा तास संपले, आता एक्स्ट्रा अवर्स.

मग प्रकार. ट्रॅडिशनल म्हणजे स्टेजवर उभा राहून आलेल्या प्रत्येक नातेवाइकाचा जोडप्याबरोबर फोटो काढणारा. कॅन्डिड म्हणजे कोणाला न सांगता भाव टिपणारा. ट्रॅडिशनल व्हिडिओवाला विधी सलग शूट करतो, सिनेमॅटोग्राफर तुकडे घेऊन चार-पाच मिनिटांची फिल्म करतो. हल्लीच्या मुलांना फक्त कॅन्डिड पाहिजे असतं आणि ट्रॅडिशनल म्हटलं की नाकं मुरडतात, पण मला विचाराल तर तो काढून टाकू नका. आईला दहा वर्षांनी तुमचे डोळ्यांतून पाणी आलेले ब्लॅक अँड व्हाइट फोटो नको असतात, तिला बघायचं असतं की नागपूरच्या काकू आल्या होत्या का आणि कोणती साडी नेसल्या होत्या. दीडशे-दोनशे पानाचं लग्न असेल तर एक ट्रॅडिशनल, एक कॅन्डिड, एक व्हिडिओ एवढं पुरतं. सहा माणसांची टीम लहान स्टेजवर चढली की पाहुण्यांना लग्न दिसत नाही, फोटोग्राफरच्या पाठी दिसतात.

काम कसं तपासायचं

इथे वेळ घालवा, बाकी कुठे नाही घातला तरी चालेल.

सांगायचं की एका लग्नाची पूर्ण गॅलरी दाखवा, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत, हायलाइट्स नको. आणि तेही आमच्यासारख्या हॉलमधलं. कर्जतच्या फार्महाउसवर संध्याकाळच्या सोनेरी उन्हात फोटो चांगलेच येतात, त्यात कौतुक प्रकाशाचं जास्त. आपलं लग्न असतं पहिल्या मजल्यावरच्या एसी हॉलमध्ये, खिडक्यांना पडदे, स्टेजवर पिवळे हॅलोजन, पाहुण्यांच्या डोक्यावर पांढऱ्या ट्यूबलाइट, आणि डेकोरेटरने मागे जांभळी एलईडी लावलेली. तीन रंगांचा प्रकाश एकाच चेहऱ्यावर. कच्चा माणूस असेल तर नवरीचा अर्धा गाल केशरी आणि अर्धा जांभळा येतो, मोतिया रंगाचा शालू पिवळट दिसतो आणि मग तो एडिटमध्ये सगळं ब्लॅक अँड व्हाइट करून मोकळा होतो. गॅलरीत विधींचे फोटो जरा जास्तच ब्लॅक अँड व्हाइट दिसले तर कलात्मक म्हणण्याआधी हा संशय घ्या.

दुसरं, फ्लॅश बघा. चेहरे पांढरेफटक आणि मागे सगळा काळोख म्हणजे फ्लॅश सरळ तोंडावर मारलाय. जाणकार माणूस फ्लॅश छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवतो, प्रकाश तिथून परत येऊन मऊ पडतो, पण त्यासाठी छत पांढरं आणि फार उंच नसलेलं पाहिजे. छत लाकडी किंवा रंगीत असेल तर काय करणार, हे त्याला विचारा, स्टँडवर वेगळे लाइट लावतो म्हणाला तर माणूस कामाचा आहे. एलईडी स्क्रीन मागे असेल तर फोटोत आडवे काळे पट्टे येऊ शकतात, शटर स्पीडचा मामला असतो तो. गॅलरीत संगीत किंवा रिसेप्शनचे फोटो झूम करून बघा, पट्टे दिसतात का.

तिसरं म्हणजे मंगलाष्टकं. शेवटचं कडवं संपतं, "सावधान" होतं, अंतरपाट निघतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते, हार घातले जातात आणि त्याच क्षणी दोन्हीकडचे पंधरा-वीस जण मोबाइल वर करून स्टेजवर घुसतात. हे सगळं होतं मोजून अर्ध्या-एक मिनिटात आणि रीटेक नाही. (गुरुजींना "परत एकदा अंतरपाट धरा" सांगणारे महाभाग आहेत, ते सोडा.) गॅलरीत नेमका हा भाग शोधा. अंतरपाट निघायच्या आधीचा नवरीचा चेहरा आहे का? हवेतल्या अक्षता आहेत का? पाठीशी उभा असलेला मामा फ्रेममध्ये आहे का त्याचं डोकं कापलंय? एकाच अँगलने काढलेले असतील तर माणूस एकटा होता, दोन बाजूंनी असतील तर टीमचं आपसात जमतं.

चौथं, ग्रुप फोटो. कंटाळवाणे वाटतात, पण पंचवीस जणांत सगळ्यांचे डोळे उघडे, मागच्या रांगेतला शार्प आणि कडेचा माणूस ताणलेला नाही, हे जमणारे कमी असतात.

आपले विधी त्याला माहीत आहेत का

मुंबईत फोटोग्राफर कोणत्याही समाजाचा असतो आणि त्यात वाईट काही नाही, फक्त विधी कधी येतो आणि कुठे उभं राहायचं हे माहीत हवं. गौरीहर पुजताना नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत एका कोपऱ्यात बसलेली असते, तिथे पाच मिनिटं फार सुंदर मिळतात आणि बहुतेक वेळा फोटोग्राफर तेव्हा नवरदेवाच्या शूजचे फोटो काढत असतो. कानपिळी झटक्यात होते, नवरीच्या भावाने कान पिळला आणि सगळे हसले की संपलं. लाजाहोमात धूर असतो. सूनमुख, झाल, घरी गेल्यावर माप ओलांडणं, हे शब्द तुम्ही बोललात आणि समोरच्याने मान डोलावली एवढ्याने समाधान मानू नका, "झालीचा फोटो दाखवा ना एखादा" म्हणा.

आगरी-कोळी घरात तर हळद हाच मुख्य कार्यक्रम, रात्रभर मांडव, डीजे, अख्खं गाव नाचायला. धवलारीण (लग्नविधींची पारंपरिक गाणी म्हणणारी बाई) धवळे गाते ते कोणाला रेकॉर्ड करायचं सुचत नाही आणि नंतर हळहळ वाटते, तर व्हिडिओवाल्याला आवाजासकट सलग घ्यायला आधीच सांगून ठेवा. बौद्ध पद्धतीच्या लग्नात वधू-वर पांढऱ्या कपड्यांत असतात, तिथे कॅमेरा ऑटोवर सोडला की एकतर कपडे जळून पांढरा ठिपका होतो नाहीतर चेहरे काळवंडतात. त्या माणसाने असं एक लग्न केलेलं असेल तर त्याला हे सांगावं लागत नाही.

भेट घ्या, आणि हे विचारा

फोनवर ठरवू नका, चहाला भेटा. माणूस कसा बोलतो ते कळतं, शेवटी तो दिवसभर तुमच्या घरच्या बायकांच्या खोलीत, आजीच्या आसपास वावरणार आहे. "ए काकी, बाजूला व्हा" म्हणणारा नको. नवरीच्या खोलीत शूट करायला टीममध्ये एखादी मुलगी आहे का, हेही विचारा, हॉलच्या दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा बायका एकाच आरशापुढे तयार होत असतात.

तांत्रिक प्रश्न दोनच पुरे. कॅमेऱ्यात दोन कार्डं लागतात का आणि दोन्हीवर एकाच वेळी सेव्ह करता का? एक कार्ड मेलं तर दुसरं वाचतं, लग्नाच्या कामाला हे हवंच. आणि दुसरा कॅमेरा बरोबर असतो का? शूटनंतर डेटा त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी होतो का, हे त्यातच विचारून घ्या. कॅमेऱ्याचं मॉडेल, सोनी का कॅनन का निकॉन, यात तुम्ही पडू नका.

आणि हा आपल्या मुंबईचा प्रश्न: तुम्ही राहता कुठे आणि हॉलवर येणार कसे? रविवारचं लग्न, रविवारी मेगाब्लॉक, मुहूर्त दुपारी साडेबाराचा आणि माणूस विरारहून डोंबिवलीला येणार, तर विधी सुरू व्हायच्या निदान तासभर आधी तो हॉलवर हवा. सकाळचा मुहूर्त आणि लांबचा प्रवास असेल तर आदल्या रात्री जवळपास राहायची सोय कोणी करायची तेही बोलून घ्या. ट्रॅव्हल चार्जेसमध्ये कोणी मुंबईच्या एंट्री टोलचे पैसे लावले तर हसून काढून टाका, पाचही नाक्यांवर लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही.

पैशाचं

कोटेशन दोन-तीन जणांकडून घ्या पण नुसते आकडे समोरासमोर ठेवू नका, कारण एकाच्या आकड्यात अल्बम असतो आणि दुसऱ्याच्यात नाही. माणसं किती, दिवस किती, तास किती, अल्बम किती शीटचा, फिल्म किती मिनिटांची, असं सुटं करून मागा. एक शीट म्हणजे दोन पानं, तीस शीटचा अल्बम म्हणजे साठ पानं, आणि "शंभर फोटो एक्स्ट्रा घ्या ना" म्हणत शीट वाढवत नेणं हा नेहमीचा प्रकार आहे, तेव्हा जास्तीच्या शीटचा रेट आधीच विचारा.

जीएसटी धरून का सोडून हेही विचारायचं राहतं. नोंदणी असलेला स्टुडिओ १८ टक्के लावतो, म्हणजे १ लाख २० हजारांचं काम १ लाख ४१ हजार ६०० ला पडतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या फोटोग्राफरला नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे एकटा काम करणारा बऱ्याचदा लावत नाही. पण नोंदणी नसताना जीएसटीच्या नावाने पैसे मागितले तर नंबर असलेलं बिल मागा, विषय आपोआप मिटतो.

बजेट कमी करायचंय? प्री-वेडिंग काढा, ड्रोन काढा, दोन अल्बमांऐवजी एक करा (दुसरा सासरी द्यायचा म्हणून घेतात आणि तो कपाटावर जातो). मुहूर्ताचा माणूस मात्र स्वस्तातला घेऊ नका. अल्बम वर्षभराने पैसे जमवूनही करता येतो, फाइल्स चांगल्या असल्या म्हणजे झालं.

पैसे हप्त्यांत द्या: थोडे तारीख धरताना, थोडे लग्नाच्या दिवसापर्यंत, आणि बऱ्यापैकी हिस्सा सगळं हातात आल्यावर. लग्नाच्या आधीच सगळे पैसे मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. आमच्या नात्यातल्या एका लग्नात सगळे पैसे हॉलवरच देऊन टाकले आणि अल्बम आला तेव्हा त्या जोडप्याच्या बाळाचं बारसं झालं होतं.

लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना

मोठे स्टुडिओ करारावर सही घेतात, छोटे "विश्वास ठेवा ताई" म्हणतात. विश्वास ठेवाच, आणि हा मेसेजही टाका:

"दादा, आपलं ठरलं ते लिहून ठेवते. तारीख अमुक, हॉल अमुक, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. कॅन्डिडला तुम्ही स्वतः, ट्रॅडिशनल आणि व्हिडिओला एकेक जण. एडिट केलेले फोटो इतके, एडिट न केलेला सगळा डेटा हार्ड डिस्कवर, डिस्क आम्ही देऊ. थोडे फोटो आठ दिवसांत, बाकी दोन महिन्यांत, अल्बम आम्ही निवड दिल्यापासून इतक्या दिवसांत, डिझाइनमध्ये दोनदा बदल फुकट. एकूण रक्कम इतकी, आज दिले इतके. तुम्ही आजारी पडलात तर बदली कोण ते आम्हाला आधी सांगाल. तारीख पुढे गेली तर अ‍ॅडव्हान्स नव्या तारखेला धरायचा. आम्हाला विचारल्याशिवाय फोटो सोशल मीडियावर टाकायचे नाहीत. बरोबर आहे ना?"

त्यावर "हो बरोबर" एवढं उत्तर आलं की झालं. पुढे वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन करता येतो, आणि तिथे असा मेसेज आणि यूपीआयच्या पावत्या दाखवायला असल्या की बोलायला आधार असतो.

सही करायचा छापील करार असेल तर कॉपीराइटचं वाक्य शोधून वाचा. पैसे देऊन कोणाकडून फोटो काढून घेतले तर, वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा, त्या फोटोंचा पहिला मालक काढून घेणारा, म्हणजे तुम्ही असता, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ आहे हे. पण बऱ्याच छापील करारांत "सर्व हक्क स्टुडिओकडे" असं एक वाक्य असतं आणि त्यावर सही केली की चित्र उलटं होतं. स्टुडिओला जाहिरातीसाठी थोडे फोटो वापरायचे असतात, ते रास्त आहे, तुम्ही निवडलेले वीस-पंचवीस वापरा म्हणा. आणखी एक, हल्ली सेल्फी टाकून आपापले फोटो शोधायची ऑनलाइन गॅलरी देतात, सोय मस्त आहे, पण तिला पिन लावून घ्या, नाहीतर लिंक फॉरवर्ड होत होत अख्ख्या जगाला घरातल्या मुलींचे फोटो उघडे.

ड्रोन आणि प्री-वेडिंग

ड्रोनसाठी वेगळे पैसे देण्याआधी परवानगीचं विचारा. विमानतळाच्या आसपासचा मोठा पट्टा रेड झोन, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन उडवायला बंदी असलेला भाग आहे, नौदलाच्या आणि अणुऊर्जेच्या जागा आहेत, शिवाय मुंबई पोलीस अधूनमधून शहरभर ड्रोनबंदीचा आदेश काढतात. "काही होत नाही, आम्ही नेहमी उडवतो" हे उत्तर नाही. आणि लग्न हॉलच्या आत असताना वरून घेणार काय, बाजूच्या सोसायटीची पाण्याची टाकी?

प्री-वेडिंग करायचंच असेल तर मरीन ड्राइव्हला उजाडता उजाडता जा, आठनंतर फिरणाऱ्यांची गर्दी आणि ऊन दोन्ही. वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉड वगैरे घेऊन शूट करायला परवानगी लागते, ती कोण काढणार ते आधी ठरवा.

लग्नाच्या दिवशी

दोन्ही बाजूंकडून एकेक चुलत-मामे भावंड फोटोग्राफरच्या दिमतीला द्या, ज्याला सगळे नातेवाईक ओळखता येतात. कोणाचे फोटो हवेतच याची लहानशी यादी त्याच्याकडे, आणि आजी-आजोबांचा फोटो सगळ्यात आधी, त्यांना तीन तास खुर्चीत ताटकळत ठेवू नका. गुरुजींशी फोटोग्राफरची ओळख सुरुवातीलाच करून द्या, दोघांचं जमलं की गुरुजी स्वतःच "घेतला का?" विचारतात. टीमला जेवायला वेळेवर बसवा, शेवटच्या पंगतीला नाही.

मे महिन्यातली वरात असेल तर एसीतून एकदम बाहेर आल्यावर दमट हवेने लेन्सवर वाफ धरते आणि पहिली काही मिनिटं सगळं धुरकट येतं, अनुभवी माणूस कॅमेरा थोडा आधी बाहेर काढून ठेवतो. पुढच्या वेळेला वरातीतले धुरकट फोटो कोणी "ड्रीमी" म्हणून दाखवले तर कळेल काय झालंय ते.

फोटो आल्यावर

थोडे फोटो लवकर मागण्याचं एक साधं कारण आहे: विवाहनोंदणी. महाराष्ट्रात ती लग्नापासून ९० दिवसांच्या आत करायची असते आणि पत्रिकेबरोबर लग्नातला फोटोही मागतात, त्यामुळे हार घातलेला, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारा एक फोटो पहिल्या आठवड्यातच घेऊन ठेवा.

अल्बम रखडतो त्यात निम्मा दोष आपलाच असतो, चार हजार फोटोंतून दोनशे निवडायला घरात कोणाला वेळ नसतो. एकाने बसून निवडायचं, बाकीच्यांनी फार तर दहा बदल सुचवायचे. हार्ड डिस्क आली की फोल्डरची साइज बघून समाधान मानू नका, प्रत्येक कार्यक्रमाचं फोल्डर उघडा, फिल्म शेवटपर्यंत चालवून बघा, दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर एक कॉपी करा, आणि मगच शेवटचा हप्ता पाठवा.